संध्याकाळी घरी गेले की लेक तोंड फिरवते

ठाण्याहून आलेलं पत्र, थोडक्यात:

“माझी लेक साडेआठ महिन्यांची आहे. ती सहा महिन्यांची झाली तेव्हा मी नोकरीवर परत रुजू झाले. सकाळी सव्वाआठला निघते, सातला घरी येते. दिवसभर सासूबाई सांभाळतात आणि मनापासून सांभाळतात. गेले तीनेक आठवडे मी घरात शिरले की ती माझ्याकडे एकदा बघते, तोंड फिरवते आणि आजीच्या खांद्यात डोकं खुपसते. मी ओढून घेतलं तर रडते. हे गाडी लावून वर येतात तोवर माझं रडून झालेलं असतं. सकाळी मात्र मी निघताना आकांत करते, म्हणून सासूबाई तिला गॅलरीत कबुतरं दाखवायला नेतात आणि मी मागच्या मागे सटकते. शेजारच्या काकू म्हणाल्या, ‘विसरली गं आईला!’ नेटवर वाचलं की आई परत आल्यावर बाळ तोंड फिरवत असेल तर त्याची जवळीक ‘असुरक्षित’ असते. पुढच्या महिन्यात सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे, त्या दिवसापासून तिला पाळणाघरात ठेवायचं ठरलंय. मी नोकरी सोडावी का?”

नमस्कार.

शेजारच्या काकूंना तुमची संध्याकाळ दिसते, सकाळ दिसत नाही. ज्या माणसाला बाळ विसरलं, त्याच्यासाठी ते आकांत करत नाही. सकाळचं रडणं आणि संध्याकाळचं तोंड फिरवणं या एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत, आणि ती गोष्ट गेल्या तीन आठवड्यांतच का सुरू झाली यालाही कारण आहे.

आज एक करून बघा. तिच्यासमोर खुळखुळा ठेवा, तिचं लक्ष असताना त्यावर पंचा टाका. तीन महिन्यांपूर्वी हेच केलं असतंत तर तिने दुसरीकडे बघितलं असतं; दिसेनासं झालं ते संपलं. आता ती बहुधा पंचा ओढेल किंवा निदान त्याकडे टक लावून बघेल. वस्तू दिसत नसली तरी असते, हे तिला कळायला लागलंय. आईचंही तसंच. सहा महिन्यांपर्यंत तुम्ही नजरेआड गेलात की तिच्यापुरता विषय मिटत होता. आता तुम्ही कुठेतरी आहात हे तिला ठाऊक आहे. कुठे आहात आणि कधी येणार हे कळायला मात्र अजून बराच अवकाश आहे. सात-आठ महिन्यांच्या सुमारास बाळं ‘माणसं ओळखायला लागतात’, परक्याकडे जात नाहीत, आई उठून स्वयंपाकघरात गेली तरी भोकाड पसरतात ते यामुळेच. हे दहा ते अठरा महिन्यांच्या दरम्यान सगळ्यात जास्त असतं आणि मग हळूहळू ओसरतं. म्हणजे तुम्ही चढाच्या पायथ्याशी आहात.

आता संध्याकाळ. तुम्ही दारातून येता तेव्हा तिच्या बाजूने काय घडतं? अकरा तासांनी आई दिसते. चप्पल, पर्स, गळ्यात ओळखपत्र, अंगाला गाडीचा वास. आई झपाट्याने जवळ येते, मोठ्याने नाव घेते, आजीच्या अंगावरून उचलते, मुके घेते. वेळ सातची, म्हणजे ती दमलेली. तिला हवं असलेलं माणूस समोर आहे, पण सगळं एकदम येतंय. या वयाच्या बाळाकडे ‘जरा थांब’ म्हणायला एकच साधन असतं: नजर काढून घेणं. बाळाचं मन भरून आलं की ते मान वळवतं, थोडं शांत होतं आणि पुन्हा बघतं. यात रुसवा नाही, शिक्षाही नाही. तुम्ही मात्र दुसऱ्यांदा बघण्याची वेळ यायच्या आधीच उचलून घेता, म्हणून ती रडते. शिवाय दिवसभराचं साठलेलं रडं आईजवळच बाहेर पडतं, हे पाळणाघरातल्या ताया रोज बघतात: दिवसभर शहाण्यासारखं खेळलेलं पोर आई दारात दिसली की ओठ काढतं.

तेव्हा उद्यापासून असं करा. दार उघडल्यावर लांबूनच, रोज त्याच शब्दांत हाक मारा, हलक्या आवाजात. मग हात-पाय धुवा, ओढणी बदला, पर्स आणि मोबाइल आतल्या खोलीत ठेवा. ती आजीच्या मांडीवर असेल तर तिथेच जमिनीवर बसा, हातभर अंतर ठेवून, अगदी समोर नाही तर जराशा तिरक्या. तिला घ्यायला हात पसरू नका. सासूबाईंशी दोन वाक्यं बोला. आई आणि आजी एकमेकींशी निवांत बोलतायत, हे बाळासाठी ‘सगळं ठीक आहे’ असं सांगणं असतं. ती बघेल, वळेल, पुन्हा बघेल. बघितलं की हसा, वळली की थांबा. तिने आवाज काढला तर तोच आवाज तिला परत द्या. दोन मिनिटं लागतील, एखाद दिवशी सात-आठ. मग ती तुमच्याकडे झुकेल किंवा हात पुढे करेल. तेव्हा घ्या.

पुढची वीस मिनिटं कुकर लावायचा नाही. हे लिहायला सोपं आहे, घरात जमायला कठीण, म्हणून घरी आधीच सांगून ठेवा. दूध पाजत असाल तर ती वेळ उत्तम. त्या वेळात काही ‘करून घ्यायची’ गरज नाही. खेळण्यांचा ढीगही नको. तुमचा चेहरा, आवाज आणि तिच्या आवडीची एक वस्तू पुरते.

हे आठवडाभर करून बघितल्याशिवाय नोकरीचा निर्णय घेऊ नका.

नेटवरच्या त्या ‘असुरक्षित’ शब्दाबद्दल, कारण तो तुम्हाला टोचत राहणार. तो मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ यांच्या कामातून आला. त्यांनी १९५०च्या दशकात युगांडात आणि नंतर अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये आई-बाळांच्या घरी जाऊन निरीक्षणं केली. बाल्टिमोरला २६ कुटुंबांत वर्षभर, दर तीन आठवड्यांनी, एका वेळी साधारण चार तास. त्यानंतर बाळाला एका अनोळखी खोलीत आईबरोबर आणून, आईला मोजून तीन मिनिटं बाहेर पाठवून ती परत आल्यावर बाळ काय करतं ते बघायचं, अशी वीसेक मिनिटांची चाचणी त्यांनी बसवली. ती १२ ते १८ महिन्यांच्या मुलांसाठी आहे, प्रशिक्षित माणसानेच तपासायची आहे, आणि अकरा तासांनी ठाण्याच्या गर्दीतून दमून आलेल्या आईवर ती लागू करायची नाही. साडेआठ महिन्यांच्या बाळाचं संध्याकाळी सातचं तोंड फिरवणं हा त्या चाचणीचा निकाल नव्हे. त्या घरभेटींतून जे ठळक दिसलं ते मात्र तुमच्या कामाचं आहे: बाळाने केलेली खूण आईला कळते का, आई वेळेवर आणि त्या खुणेला साजेसा प्रतिसाद देते का, यावर जवळीक ठरत होती.

आणि दर खुणेला प्रतिसाद साधलाच पाहिजे असंही नाही. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांचा ‘निर्विकार चेहऱ्या’चा प्रयोग, १९७८ चा, तुम्ही कदाचित व्हिडिओत पाहिला असेल: आई दोन मिनिटं चेहरा दगडासारखा ठेवते आणि बाळ हसून, हात करून, आवाज काढून तिला परत आणायचा प्रयत्न करतं, मग कोलमडतं. तो बघून अनेक आयांना अपराधी वाटतं. पण त्याच मंडळींनी हेही दाखवलं की चांगल्या जमलेल्या जोड्यांतसुद्धा आई-बाळाचा ताल साधारण तीस टक्के वेळच जुळलेला असतो. उरलेल्या वेळात चुकतं, आणि पुन्हा जुळवलं जातं. बाळ शिकतं ते या पुन्हा जुळवण्यातून. तुम्ही चमचा पुढे केलात, तिने मान वळवली, तुम्ही चमचा खाली घेतलात, ती परत वळली: झालं, एक जुळणी पूर्ण.

हे झेलाझेलीसारखं आहे. बाळ चेंडू टाकतं, तुम्ही झेलून परत टाकता, आणि मग थांबता. मोठ्यांचं चुकतं ते थांबण्यात. आपण ‘काय गं, काय बघतेस, भूक लागली का, बाबा कुठे गेले’ असे चार प्रश्न एका दमात विचारतो. बाळाला एक ऐकून, उमगून, तोंडाची हालचाल जुळवायला वेळ लागतो. एक वाक्य बोला आणि मनात दहापर्यंत मोजा. सातव्या-आठव्या अंकाला ‘अग्ग’ येतं, आणि आपण तोपर्यंत पुढच्या विषयावर गेलेले असतो.

तुमच्याकडे दिवसात वेळ किती आहे? मोजा. सकाळी साधारण सव्वा तास, संध्याकाळी झोपेपर्यंत दीड-दोन तास, शिवाय रात्रीची उठणी. यात दोन-तीन वेळा डायपर बदलणं, एक-दोन वेळचं खाणं, कधी अंघोळ येते. वेगळा ‘दर्जेदार वेळ’ शोधत बसू नका, ही कामंच ती वेळ. डायपर बदलताना हातात मोबाइल देऊन झटपट उरकलं तर ते साफसफाईचं काम. ‘आता पाय वर’ म्हणून थांबलात, तिने पाय उचलला की ‘हां!’ म्हणालात, तर ती झेलाझेली. भरवताना तोंड उघडेपर्यंत चमचा ओठांपासून थोडा लांब धरा; मान वळवली, तोंड मिटलं, चमचा ढकलला की जेवण संपलं, वाटीत नाचणी उरली तरी. टीव्ही लावून भरवलेलं पोट भरतं, पण तेवढ्या वेळात बाळाची एकही खूण कोणी वाचत नाही. दिवसभर मागे चालू असलेली मालिकाही बंद ठेवायला सांगा, सासूबाई थोड्या नाराज होतील तरी. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९च्या सूचनांनुसार वर्षाच्या आतल्या बाळाला स्क्रीन नकोच.

सकाळचं सटकणं आजपासून बंद. हेतू चांगला आहे, परिणाम उलटा होतो. कबुतरं बघून वळल्यावर आई गायब, हे दोन-चारदा झालं की बाळ शिकतं की नजर हटली की आई जाते. मग ते नजर हटवतच नाही: तुम्ही आंघोळीला गेलात तरी रडतं, रविवारीही चिकटून राहतं. कबुतरांवरचा विश्वासही जातो म्हणा. त्याऐवजी पर्स, डबा, किल्ली, गाडीची चावी सगळं दाराबाहेरच्या कपाटावर आधीच ठेवा. निघायच्या पाच मिनिटं आधी बाळ आजीकडे द्या, म्हणजे निघताना तिला तुमच्या अंगावरून सोडवून घ्यावं लागणार नाही. ती ओढाताणच सगळ्यात जास्त झोंबते. मग तिच्या डोळ्यांच्या पातळीवर येऊन रोज तेच: ‘आई ऑफिसला चालली, दिवेलागणीला येणार, टाटा.’ एक मुका, एक टाटा, मिनिटभरात बाहेर. रडली तरी मागे फिरायचं नाही, आणि रुमाल विसरला तर विसरला. परत आलात तर तिला दुसऱ्यांदा तेच सहन करावं लागतं. सासूबाईंनी ‘काही झालं नाही, बघ चिऊ’ म्हणून विषय बदलण्याऐवजी ‘आई गेली, हो ना, संध्याकाळी येणार’ म्हणत छातीशी धरावं. पहिला आठवडा रडणं वाढल्यासारखं वाटेल, कारण आधी ते तुमच्या मागे होत होतं, आता तुमच्या देखत होतंय. सासूबाईंना विचारा, दार लागल्यावर किती मिनिटांत शांत होते. घड्याळ बघून सांगा म्हणावं. बहुतेक घरांत हा आकडा आईच्या कल्पनेपेक्षा फार लहान निघतो.

‘आई गेली तुला टाकून’, ‘रडलीस तर बुवाला देईन’ ही थट्टा घरात कोणी करत असेल तर ती थांबवा. शब्द कळत नसले तरी सूर कळतो, आणि काही महिन्यांत शब्दही कळतील.

आजीचा लळा. तुमच्या पत्रात तो तुमच्या वाट्यातून वजा झाल्यासारखा मांडलाय. शॅफर आणि इमर्सन या संशोधकांनी स्कॉटलंडमधल्या ग्लासगोत ६० बाळांचा पाठपुरावा केला, निष्कर्ष १९६४ साली छापले. दीड वर्षांची होईपर्यंत बहुतेक मुलांना एकापेक्षा जास्त माणसांचा लळा होता. आई, वडील, आजी-आजोबा, शेजारी. आणि सगळ्यात जास्त लळा दिवसभर सांभाळणाऱ्याचाच असेल असं नव्हतं. बाळाच्या खुणांना चटकन उत्तर देणाऱ्याचा होता, भले तो थोडाच वेळ घरी असो. एकत्र कुटुंबात वाढलेल्या आपल्याला हे वेगळं सांगायला नको, पण विलायती पुस्तकं वाचून आपणही ‘एक आई, एक बाळ’ असं धरून बसतो. आजीच्या खांद्यात डोकं खुपसता येतंय, ही तुमची मिळकत आहे. भरवशाचं माणूस कसं असतं हे ती तिथेही शिकतेय.

एक निरीक्षण, रागावू नका: दोन पानांच्या पत्रात बाळाचे बाबा गाडी लावण्यापुरतेच आले. त्यांना एक काम कायमचं द्या, रात्रीची मालिश किंवा सकाळचा नाश्ता, आणि त्या वेळी तुम्ही खोलीतून बाहेर जा. ‘असं नाही, तसं धर’ म्हणायला तुम्ही शेजारी असाल तर ते काम पुन्हा तुमचंच होतं.

आता ज्याची आम्हाला खरी काळजी वाटते ते: पाळणाघर. तुमचा बेत असा की ऑपरेशनच्या दिवशी आजी दवाखान्यात आणि त्याच दिवशी बाळ नव्या जागी. म्हणजे दिवसभराचं माणूस आणि दिवसभराचं घर, दोन्ही एकाच सकाळी नाहीसं, तेही वेगळं होण्याची भीती चढणीवर असताना. हे करू नका. पाळणाघर ऑपरेशनच्या किमान दोन, जमलं तर तीन आठवडे आधी सुरू करा, आजी घरात असतानाच.

जागा बघायला सकाळी अकरा-साडेअकराला जा, संध्याकाळी नको. संध्याकाळी सगळं आवरलेलं असतं. भिंतीवरची चित्रं बघू नका. कोपऱ्यात पंधरा मिनिटं बसा आणि एक बाळ रडायला लागलं की किती वेळात कोण उठतं ते बघा. ताई जमिनीवर बसतात की उभ्यानेच बोलतात? डायपर बदलताना बाळाशी बोलतात की डोक्यावरून दुसऱ्या ताईशी? एका ताईकडे तीन-चारपेक्षा जास्त रांगती बाळं असतील तर ती कितीही प्रेमळ असली तरी तिचे हात दोनच आहेत. आणि हे स्पष्ट विचारा: माझ्या बाळाची ठरलेली एक ताई असेल का? रोज वेगळी ताई म्हणजे रोज नवं पाळणाघर.

रुळवण्यासाठी बर्लिनमधल्या पाळणाघरांत वापरली जाणारी पद्धत आपल्याकडेही चालते. पहिले तीन दिवस तुम्ही किंवा बाबांनी रोज त्याच वेळी तासभर बाळासोबत तिथे बसायचं. एकदाही सोडून जायचं नाही. तुम्ही कोपऱ्यात बसा, तिला पुढे ढकलू नका, मागेही ओढू नका. ती जाईल आणि परत येऊन तुमच्या गुडघ्याला हात लावून जाईल. डायपर आणि खाऊ पहिल्या दिवशी तुमच्या हातून, ताई शेजारी. तिसऱ्या दिवशी ताईच्या हातून, तुम्ही शेजारी. चौथ्या दिवशी टाटा करून दाराबाहेर जा. ताईने घेतल्यावर दोन-तीन मिनिटांत ती शांत झाली तर जास्तीत जास्त अर्धा तास बाहेर थांबा. शांत होत नसेल तर लगेच आत या आणि अजून चार-पाच दिवस सोबत बसा. पहिल्यांदा सोडायचा दिवस सोमवारी नको. दोन दिवस घरी राहून ती सगळं विसरलेली असते. नंतर एक तास, मग दोन, मग जेवणासकट. झोप सगळ्यात शेवटी. अनोळखी जागी डोळे मिटणं हे बाळासाठी सर्वांत मोठं धाडस आहे, आणि घाई बहुधा इथेच होते.

सोबत तुमच्या वापरातल्या जुन्या सुती ओढणीचा तुकडा द्या, न धुतलेला. जागेपणी तिच्या हातात असू दे. झोपताना ताईंनी तो काढून ठेवावा, वर्षाच्या आतल्या बाळाच्या तोंडाजवळ सैल कापड नको. पहिले दोन-तीन आठवडे रात्री जास्त उठेल, खाणं कमी होईल, संध्याकाळी तुम्हाला सोडणार नाही. हे अपेक्षित आहे. महिना झाला तरी दिवसभर दूध-खाणं घेत नसेल, कोणाकडेच शांत होत नसेल, खेळणंच थांबलं असेल, तर जागा किंवा ताई बदलण्याचा विचार करा.

तुमच्या कंपनीत ५० किंवा त्याहून जास्त माणसं असतील तर पाळणाघराची सोय देणं कंपनीला बंधनकारक आहे, मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७च्या दुरुस्तीपासून, आणि आईला दिवसातून चारदा बाळाकडे जाता येतं. ऑफिसात चौकशी करा, तोंडी नाही, ईमेलने.

दोन गोष्टींसाठी मात्र वाट बघू नका. नऊ-दहा महिन्यांची झाल्यावरही ती नावाला वळत नसेल, आजीसकट कोणाच्याच डोळ्यांत बघत नसेल, आवाजाला आवाज देत नसेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि आधी कान तपासून घ्या. दुसरी गोष्ट तुमची. ‘रडून झालेलं असतं’ हे तुम्ही सहज लिहून गेलात. बाळ झोपल्यावरही तुम्हाला झोप येत नसेल, कशातच मन लागत नसेल, आणि हे दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल, तर डॉक्टरांशी बोला. बाळंतपणानंतरचं नैराश्य पहिल्या वर्षात कधीही येऊ शकतं आणि ते बरं होतं. टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.

ऑपरेशननंतर सासूबाईंना बरेच दिवस तिला उचलता येणार नाही, आणि ती मात्र त्यांच्याकडे झेपावेल. त्या घरी आल्या की त्यांना हाताच्या खुर्चीत बसवा, ऑपरेशनचा पाय उशीने झाकून बाजूला, आणि बाळाला दुसऱ्या बाजूने, तुमच्या हातांचा आधार देत, त्यांच्या छातीशी टेकवा. रोज पाळणाघरातून आल्यावर पाच मिनिटं. भरवायचा पहिला चमचा आजीच्या हातून जाऊ दे.